रजईची खिडकीकडची बाजू

कादंबरीने लॅपटॉपवरच्या आलेखातल्या उंच डोंगरावर बोट टेकवलं.

"आई, हा कधी बसणार?"

"बघ," म्हणत रेवतीने बटण दाबलं. कॉलेजातल्या उद्याच्या तासासाठी ती उष्णतेचं समीकरण तीन वेगवेगळ्या सुरुवाती देऊन सोडवत होती. सळई तीच, दोन्ही टोकं बर्फात. कधी मधोमध तापवलेली, कधी एका बाजूला, कधी दोन ठिकाणी. डोंगर खचला, पसरला, सपाट रेघ झाला. दुसराही. तिसऱ्याचे दोन सुळके आधी एकमेकांत मिसळले, मग तेही बसले.

"सगळे सेमच झाले."

"शेवटी होतात."

"आता उलटं कर ना. डोंगर परत आण."

"नाही येत आणता, कादू. नुसत्या रेघेवरून आधी काय होतं ते कळत नाही."

रेवतीने लॅपटॉप मिटला. आज सांगतेच, असं तिने सकाळी फोनवर सासूबाईंना कबूल केलं होतं. यतीनला जाऊन महिना झाला होता; मुलीसाठी तो अजून ऑफिसच्या टूरवर, गुवाहाटीला होता. सहा वर्षांच्या मुलीला हे कोणत्या शब्दांत सांगतात, ते सासूबाईंनाही सुचलं नव्हतं.

"चलो, दात घास. दूध आणते."

दूध घेऊन ती आली तेव्हा कादंबरी रजईत शिरली होती. पण आपल्या मधल्या जागी नाही. पार खिडकीकडे, यतीनच्या बाजूला. मयूर विहारच्या या खोलीत जानेवारीत ती बाजू दगडासारखी गार असे. थंडीत यतीन आधी मुलीच्या जागेवर लोळून ती ऊबदार करायचा, आणि मग "हीटर चालला" म्हणत खिडकीकडे सरकायचा.

"तिकडे कशाला गेलीस? काकडलीयेस."

"गरम करतेय."

रेवतीने पेला खाली ठेवला. कडेला बसून चादरीची एकच सुरकुती दोनदा सरळ केली.

"कादू, बाबा आता... येणार नाहीये, बाळा."

"माहितीये. अपूर्वाने स्कूलबसमध्ये सांगितलं. कब का."

खिडकीची फट वाजत होती. रेवतीने विचारलं,

"मग ही जागा कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. मी झोपले की तू रोज इकडे येतेस. तुझे पाय खूप गार असतात."

कादंबरी आपल्या जागी सरकली आणि तिने रजईचं टोक उचलून धरलं. रेवती आत शिरली. ऊब होती, पण मुलीएवढीच. गुडघ्यांखाली अंथरूण गारच होतं.

तिने पाय पोटाशी घेतले.