आकृती सतरा, एक महिला

निवृत्तीला तासभर उरला असताना शिट्टीमामांना निलंबित करण्यात आलं. पण ते झालंच नाही असं धरून चाला. पुरातत्त्व खात्यानेही तसंच धरलं. निलंबनाचा कागद टाईप होईस्तोवर पाच वाजून गेले आणि निलंबित करायला माणूसच उरला नाही.

तर चार वाजता मामा नेहमीसारखे कातळावर उभे होते. उघड्या माळावरचा तो सपाट दगड, आणि त्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कोरलेल्या एक्केचाळीस आकृत्या: हरणं, मासे, डोकं नसलेला एक पुरुष आणि हत्तीसारखं काहीतरी, ज्यावरून खात्यात दोन तट होते. आकृतीवर कुणाचा पाय पडला की शिट्टी वाजवायची, आणि वाजवलेली प्रत्येक शिट्टी वहीत लिहायची. तारीख, वेळ, आकृती क्रमांक, कारण. एकतीस वर्षांत मामांच्या नऊ वह्या भरल्या. त्यांत सहली होत्या, एक मंत्री होता, आणि एकच शेळी तीन वेळा होती.

"मामा, आज तरी सावलीत बसा की," फाटकावरची तिकिटवाली ओरडली. "शेवटचा दिवस. आज कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

सतरा नंबरकडे ते सकाळपासून तीनदा गेले होते आणि तीनदा परत फिरले होते. सतरा नंबर म्हणजे बाई. पाय जुळवलेले, हात जरा बाजूला टाकलेले. कामं आटपून कुणी घटकाभर पाठ टेकावी तशी.

मामांची बायको रोज दुपारी डबा घेऊन यायची. मामा पायरीवर बसून जेवायचे, ती चपला काढून आकृत्यांमधल्या वाटेने फिरायची. दगड तापलेला असला की चक्क उड्या मारत. अशी पंधरा वर्षं गेली. मग एका दुपारी, माळावर चिटपाखरू नसताना, ती सतरा नंबरवर जाऊन आडवी झाली. टाचेवर टाच, डोक्यावर डोकं. बोटभर कमी नाही की जास्त नाही.

"अहो, बघा तरी! माझ्याच मापाची आहे हो ही! इतकी वर्षं शेजारून जातेय, आणि ओळख आज होतेय."

मामांच्या तोंडात घास होता. तरी शिट्टी वाजली. हाताची सवय.

ती उठून बसली. "मलापण?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"आणि वहीत लिहिणार?"

लिहिलंच. तिने मागून वाकून वाचलं: आकृती १७. एक महिला, आडवी. समज देऊन सोडले.

"एक महिला," ती म्हणाली. "बरं बाई, सोडलंत तरी."

हसली, डबा उचलून गेली. दुसऱ्या दिवसापासून डबा तिकिटवालीकडे ठेवून परत जायला लागली. रुसली म्हणावं तर तसंही नाही. विचारलं की म्हणायची, "आत कशाला? उगाच तुमची शाई जाते." तिला 'चल आत' म्हणायचं मामा रोज उद्यावर ढकलत. अशी चार वर्षं गेली. मग आठवडाभराच्या तापात ती गेली, आणि डबा यायचा थांबला. त्यालाही आता सहा वर्षं झाली होती.

चार वाजून दहा मिनिटांनी मामांनी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, वर टोपी ठेवली. सतरा नंबरपाशी उभं राहून स्वतःवर एक खणखणीत शिट्टी वाजवली. मग आडवे झाले.

ते वीतभर लांब भरले. पाय आकृतीबाहेर गेले. दगड ऊन होता, पाठीला बरं वाटलं. वर नुसतं आभाळ. मान वळवली तर समोर ती जेवायची पायरी दिसत होती, अगदी स्वच्छ. म्हणजे शिट्टी तोंडाकडे जाताना तिला दिसली असणार.

तेवढ्यात निरोपासाठी आलेल्या अधिकारी बाई पर्यटकांचा घोळका घेऊन पोचल्या.

"वा!" एक गृहस्थ म्हणाले. "मापासाठी माणूस ठेवलाय! काका, जरा हात पसरा, फोटो घेतो."

मामांनी हात पसरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मामा!" बाईंचा आवाज फाटला. "तुम्ही? एकतीस वर्षं झाली तुम्हाला इथे!"

"शिट्टी वाजवली होती, मॅडम. मी ऐकली नाही."

"उठा आधी. लेखी खुलासा द्या, आत्ताच्या आत्ता!"

"पाच मिनिटं मिळतील?"

"खुलाशाला?"

"नाही. अजून पडायला."

खुलासा त्यांनी पायरीवर बसून, नवव्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला:

'महोदया, नियमभंग मान्य आहे. कारण खाजगी. तरी विनंती की, वही क्रमांक सात, पान बासष्ट, येथे दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी नोंदलेली शिट्टी खात्याने मागे घ्यावी. "एक महिला" या जागी "माझी बायको" असे वाचावे. आणि सदर महिलेस आकृती १७ वर हवा तितका वेळ पडून राहण्याची परवानगी त्याच दिवसापासून, एक वाजून एकोणीस मिनिटांनी, लागू करण्यात यावी.'