चेक आणि डेन्मार्कच्या मध्ये

"जोकिमकाका, अठ्ठावीस कसे? सत्तावीस हवेत ना!" वैभवीने झेंडे दुसऱ्यांदा मोजले. "गेस्ट वीस मिनिटांत येतील. प्रोटोकॉलवाल्यांनी बघितलं तर आपण खलास!"

दुबई मरीनातल्या या हॉटेलची बँक्वेट मॅनेजर पुण्याची, म्हणजे चूक शोधणारच. पण जोकिमकडून चूक? सत्तावीस देशांच्या युरोपीय संघाच्या मेजवानीचे झेंडे तो अकरा वर्षं लावत होता. प्रत्येक देशाचं नाव त्याच्याच भाषेत घ्यायचं आणि एबीसीडीच्या क्रमाने झेंडे उभे करायचे, हे त्या वसईकराला तोंडपाठ होतं.

"चूक नाय गं, मुद्दाम लावलाय," तो म्हणाला. "मिलेनाच्या माँटेनेग्रोचा. त्यांच्या भाषेत देशाचं नाव 'सी'वरून, म्हणून चेक आणि डेन्मार्कच्या मध्ये. मीना बझारच्या टेलरकडून शिवून घेतला. जूनला मी रिटायर. जाण्याआधी एकदा तरी पोरीला तो लाइनीत बघू दे."

मिलेना रिसेप्शनवर होती. तिचा देश संघात जायला उमेदवार होता. संघाच्या नियमांच्या तेहतीस प्रकरणांवर वाटाघाटी, आणि त्यातली निम्मीही मिटली नव्हती, हे ती चहाच्या वेळी सांगायची. जोकिम थक्क व्हायचा. अख्खा देश वर्षानुवर्षं परीक्षेला बसतो? कोर्टांपासून मासेमारीपर्यंत सगळं तपासू देतो? आपल्याकडे मुलगी बघायला आलेलेसुद्धा इतकं विचारत नाहीत!

वैभवीने कपाळाला हात लावला. "पाच मिनिटं, काका. मग काढायचा."

मिलेना आली. चेक आणि डेन्मार्कच्या मध्ये लाल कापडावरचा सोनेरी गरुड दिसला आणि ती जागीच थांबली. तिचे डोळे भरून आले. मग कुणी काही सांगायच्या आत तिने स्वतःच तो झेंडा उचलून रांगेबाहेर काढला.

"अंकल, आमची परीक्षा अजून संपलेली नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "बोलावल्याशिवाय आम्ही बसणार नाही."

एवढासा देश, आणि त्याच्या लेकीचा हा बाणा! जोकिमला ती एकदम फार मोठी वाटली.

झेंड्याची घडी घालताना तिने विचारलं, "तुम्ही इथे किती वर्षं?"

"एकतीस."

"मग तुमची किती प्रकरणं राहिली?"

जोकिम हसला. "इथला नागरिक व्हायला मी कधी अर्जच केला नाही, बेटा. दर वेळी व्हिसा वाढवला, बस. जूनला तोही संपतो."

मिलेनाने ती घडी त्याच्या हातांत ठेवली. "आमचं नाव पुकारतील त्या दिवशी तुम्हीच लावा. वसईत."

दारं उघडली. जोकिम ती घडी छातीशी धरून सत्तावीस झेंड्यांच्या मागे ताठ उभा राहिला.