मेट्रनच्या कपाटातलं सर्टिफिकेट

खोपोलीच्या एका खासगी दवाखान्यात नर्स असलेल्या वनितानं तीन महिने मोबाइलवर डोळे फोडून एक कोर्स निवडला होता. ड्युटी न सोडता ऑनलाइन नर्सिंगची पदवी, आणि फी तिच्या आवाक्यातली. बाकीच्या कोर्सची फी बघूनच ती ते पान बंद करायची. फॉर्म भरायची मुदत आज पाचपर्यंत होती, आणि साडेचारला तिला कळलं की झेरॉक्स चालत नाही, मूळ नर्सिंग सर्टिफिकेटचाच फोटो लागतो.

मूळ सर्टिफिकेट दवाखान्याच्या कपाटात होतं. नर्स सोडून जाऊ नये म्हणून नोकरीला लागतानाच मालक डॉक्टर ते ठेवून घेत. नोकरीच्या आनंदात तिनंही मुकाट्यानं दिलं होतं.

ती धावत मेट्रन विमलबाईंकडे गेली. "बाई, पाया पडते तुमच्या. फोटो काढते आन् लगेच परत देते!"

"डॉक्टर नाय म्हनतात. शिकलीस की जाशील तू."

"जाईनच! का इथंच सलाइन लावत म्हातारी होऊ?"

विमलबाई खुर्चीतून उठल्या. मग त्यांनी खिशातली किल्ली काढली, कपाट उघडलं आणि सगळा गठ्ठा टेबलावर आपटला. घाईघाईनं आपलं नाव शोधताना वनिताला तळाशी एक पिवळं पडलेलं सर्टिफिकेट दिसलं. त्यावर विमलबाईंचं नाव होतं.

"बाई, तुमचं अजून इथंच? किल्ली तर तुमच्याकडंच हाय!"

"किल्ली हातात आली तवर जायची उमेदच संपली व्हती गं," विमलबाई म्हणाल्या. "काढ फोटो. पाचाला धाच मिनिटं हायेत."