मरोळचा पाटा आणि सहा दिवस

मी एक जुना पाटा आहे, आणि जुना म्हणजे मित्रांनो, तुमच्या कल्पनेबाहेर जुना. तापलेला लाव्हा थिजून माझा काळा दगड झाला, तेव्हा मसाला वाटायला माणूसच नव्हता. पुढे अंधेरीच्या खाणीत एका पाथरवटाने मला घडवलं आणि मी मरोळ गावठाणात डिमेलोंच्या घरी आलो. चार पिढ्यांनी माझ्यावर नारळ-मिरची वाटली. पाहुणे कालवणाची तारीफ करायचे आणि फुगायचो मी. मिक्सर आला तशी माझी रवानगी मागच्या विहिरीपाशी झाली. तिथे माझ्यावर चपला धुवायचे. फार वाईट वाटायचं.

यंदा मात्र मजा झाली. घरातल्या नववीतल्या रेजिनाला ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधल्या मिस्सेत, म्हणजे सामूहिक प्रार्थनेत, बायबलचं पहिलं वाचन मिळालं, देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली ते. सगळं घर खूश. पण शाळेच्या सहलीत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, माझ्याच काळ्या दगडाची, पाहून आणि तिचं वय ऐकून आल्यापासून पोरगी अडून बसली होती, तीही माझ्यावरच.

"मी नाही वाचणार, आत्या. हा पाटाच साडेसहा कोटी वर्षांचा आहे ना. मग सहा दिवस कसले? चर्चमध्ये उभं राहून खोटं वाचू?"

"ऊठ आधी त्याच्यावरून," फिलू आत्या म्हणाली. "तुझ्या वहिनीला पाट्यावरच्या वाटणाचे डोहाळे लागलेत."

तिने मला घासून लख्ख केलं. मिरची वाटता वाटता विचारलं, "वहिनीला काय झालंय गं?"

"दिवस गेलेत."

"किती दिवस?"

"सातवा महिना..." रेजिना थांबली.

"महिन्यांना दिवस म्हणतो आपण, ते खोटं असतं का? मग देवाचा दिवस घड्याळात कशाला बघतेस? त्यात सूर्य आला चौथ्या दिवशी. पहिले तीन कोणी मोजले? जग कोणी केलं ते बायबल सांगतं. किती वेळ लागला, ते या दगडाला विचार."

रेजिना खुदकन हसली. "म्हणजे पृथ्वीचे दिवस भरत होते?"

"भरले, म्हणून तर तू भांडायला आलीस."

रेजिनाने तिथेच उभं राहून वाचन म्हणून दाखवलं. प्रत्येक 'दिवस' तिने इतका लांबवला, की ग्रेटा वहिनी पोट धरून हसली. मलाही भरून आलं.

मित्रांनो, ग्रंथ वाचा आणि दगडही पाहा. एकासाठी दुसऱ्याला अडगळीत टाकू नका. त्या दिवसांतल्या एका दिवशी मी होतो. फार मोठा दिवस होता, आणि चांगला होता.