कुकरातली गंगा

काशीच्या रामघाटावरच्या आपल्या मराठी मंडळींना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असतं, आणि जी गोष्ट त्यांनी जन्मात केलेली नसते तिच्यावर तर दोन-दोन असतात. कालिंदी मोटरसायकलवरून लेहला निघाली ही बातमी फुटली, त्या दिवशी घाटाच्या पायऱ्या चढताना चार ठिकाणी टेकणारे लोक सतरा हजार फुटांवरच्या खिंडींची माहिती देऊ लागले. तिथे म्हणे बाईमाणसाचा श्वास कोंडतो. पुरुषांचा कोंडत नसावा. त्यांचा कोंडतो तो गल्लीतून एखादी बाई बुलेट फडफडवत गेली की.

कालिंदी एकेचाळीस वर्षांची, रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात कारकून. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणाची माफीही मागितली नव्हती. बुलेट तिच्या वडिलांची. ते गेल्यावर घरचे देव, पोथ्या आणि अधिकार त्यांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे यज्ञेश्वरकाकांकडे गेले. गाडीचे कागदही काकांच्याच कपाटात. गाडी मात्र कालिंदी चालवत होती, आणि काकांना ते सलत होतं. आता त्यांनी ती दिनानाथ दूधवाल्याला द्यायची ठरवली होती.

"दोन्ही बाजूंना कॅन लटकवणार तो!" कालिंदी ओरडली. "बाबांच्या गाडीला!"

"दूध पवित्र असतं," काका शांतपणे म्हणाले. "हे बघ काले, लेहला जायचंच आहे ना? मग रिकामी जाऊ नकोस. तिथे तुझ्या भावाच्या, श्रीरामच्या पोराचा पहिला वाढदिवस आहे. त्याच्या अभिषेकाला काशीची गंगा ने. सील मोडलं नाही आणि थेंब सांडला नाही, तर गाडी तुझी. नाहीतर दिनानाथची."

"आणि खरंखोटं कोण बघणार? तुम्ही येताय का मागे बसून?"

"तू मला खोटं सांगणार नाहीस."

लबाड माणूस! कुलूप घातलं असतं तर तिने फोडलं असतं. विश्वास कसा फोडणार?

गंगेचा गडू काकांनी स्वतः भरला. तांबट डाख देऊन तोंड सीलबंद करायला बसला तेव्हा म्हणाला, "महाराज, उँगली भर जगह छोड़ दीजिए."

"गंगा काय उणी द्यायची?" काकांनी आणखी एक पळी ओतली. काठोकाठ. तीनदा डाख सुटला, चौथ्यांदा बसला.

"आणि ऐक," काका कालिंदीला म्हणाले, "जिथे मांसमच्छी शिजते त्या छपराखाली गडू न्यायचा नाही."

सप्टेंबर १९९७. गडू मागच्या कॅरियरला बांधला, त्याच्याशेजारी नवा कोरा प्रेशर कुकर. श्रीरामची बायको बकुळ पत्रात रडली होती की लेहमध्ये डाळ शिजता शिजत नाही. श्रीराम तिथे सरकारी नोकरीत, पण डाळ सरकारी हुकूम मानत नव्हती.

मनालीपर्यंत रस्त्याने कालिंदीला भाजलं, रोहतांगवर चिखलात लोळवलं. पुढे बारालाचा खिंडीच्या चढावर एक नाला रस्त्यावरूनच वाहत होता. बुलेट मधोमध बंद पडली आणि कालिंदीसकट कलली. पाणी बुटात शिरलं, गुडघे सुन्न झाले. तिने आधी गडूला हात लावला, मग स्वतःची हाडं मोजली.

मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "ओ भाईसाहब, धक्का दूँ?"

तिने हेल्मेट काढलं.

"अरे, बहनजी! अकेली? घर में कोई आदमी नहीं है क्या?"

"आहेत की," ती मराठीतच करवादली. "म्हणून तर इथे आलेय!" मग हिंदीत म्हणाली, "धक्का दीजिए, भाषण बाद में."

त्याने बिचाऱ्याने दोन्ही केलं. भाषण आधी.

एकवीस वळणांचा घाट चढताना हवा इतकी विरळ झाली की बुलेट दमेकरी म्हातारीसारखी धापा टाकू लागली. कालिंदी तिला पुचकारत होती, शिव्या देत होती, आणि प्रत्येक वळणावर दिनानाथचे कॅन आठवून पुन्हा ॲक्सिलरेटर पिळत होती. संध्याकाळी पांगच्या तंबूंपाशी पोचली. तंबूवाल्या लडाखी मावशीच्या चुलीवर मटण रटरटत होतं. झालं! काकांचा नियम. कालिंदी आत रजईत झोपली, गंगा बाहेर गाडीवर.

सकाळी बघते तर गडू पोटात फुगलेला, बुडाचा सांधा उसवून कमळासारखा उघडलेला, आणि आत दगडासारखी घट्ट गंगा. गाडी गेली. बाबांची गाडी गेली, आणि कशापायी? एक पळी जास्त ओतली म्हणून!

मावशी हसायलाच लागली. "दीदी, यहाँ तो नल भी फटते हैं. पूरा भरके कौन रखता है?"

"हमारे काका," कालिंदी म्हणाली.

"अरे, तो नाले से भर लो. किसको पता चलेगा?"

नाला दहा पावलांवर होता. डाख देणारा लेहच्या अलीकडे कारूच्या बाजारात मिळालाही असता. पण खोटं बोलून मिळवलेल्या गाडीवर बसायचं, म्हणजे जन्मभर काकांना मागच्या सीटवर घेऊन फिरायचं. नको रे बाबा!

ऊन गडूकडे सरकत होतं. तोंडावरचा डाख शाबूत होता. बर्फ अजून कोरडाच होता, एक थेंब गळला नव्हता. कालिंदीची नजर कुकरवर गेली, कुकरच्या झाकणातल्या रबरी रिंगवर गेली, आणि ती एवढ्या मोठ्याने हसली की मावशीने तिला गरम पाणी पाजलं. उंचीवर डोकं फिरतं माणसाचं, मावशीने पाहिलं होतं.

फुटका गडू कुकरात उभा केला, झाकण लावलं, शिटीच्या नळीत कापसाचा बोळा घट्ट कोंबला. मग टांगलांगची खिंड. सतरा हजार फूट. वर पोचल्यावर तिला "हर हर महादेव" करायचं होतं, पण दम एका 'हर'पुरताच उरला होता. उतारावर कुकरातून चुबुकचुबुक ऐकू येऊ लागलं. गंगा जागी झाली होती.

लेहला दार उघडून बकुळ किंचाळलीच, "अगंबाई, वन्सं! आणि कुकर!"

"हात लावू नकोस. आधी गंगा, मग वरण."

कापसाचा बोळा कोरडा होता. झाकण काढलं. आत पाणी, पाण्यात बसलेला गडू, आणि गडूच्या तोंडावर काकांचं सील. तशीच ती एसटीडी बूथवर गेली.

"काका, पोचले."

"सील?"

"जागेवर आहे."

"थेंब?"

"एकही सांडला नाही. पण गडू खालून फुटला. तुम्ही काठोकाठ भरलात, बर्फाला पसरायला जागाच नव्हती. आणि तुमच्याच नियमापायी रात्रभर बाहेर राहिला."

"मग गंगा नेलीस कशातून?"

"कुकरातून."

"कुकर?" वाराणसीहून आवाज चिरकला. "कांदालसणाचा?"

"कोरा करकरीत. अजून भातसुद्धा पाहिला नाही त्याने."

काका हेकट होते, पण पन्नास वर्षं शास्त्रार्थ केलेला माणूस. स्वतःच्या तोंडची अट ते मनात शब्द-शब्द लावून बघत असणार. कालिंदी बूथच्या मीटरवर पळणारे रुपये बघत होती.

"काले."

"हं."

"गाडीचे कागद काढून ठेवतो. आणि त्या तांबटाला सांगतो, पुढच्या वेळी बोटभर जागा सोड म्हणून."

"आणि दिनानाथ?"

"त्याला सायकल आहे की."