बाथरूमचं दार आणि अंतर्ज्ञानी महाराज

सोमवारी संध्याकाळी विद्यानगरातल्या मराठी मंडळाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. तारनाक्याहून रिक्षा भरभरून म्हातारी मंडळी आली होती. समोर स्पंदनानंद महाराज डोळे मिटून बसलेले. त्यांनी बोट वर केलं की सभा चिडीचूप.

"मंगला," महाराज म्हणाले, "शनिवारी पहाटे तुझं हृदय उधळलं होतं. इथं बसून माझ्या कानावर टापा आल्या."

मंगलाताईंना रडूच फुटलं. "खरंय हो! घरात कुणाला बोलले नव्हते मी!"

महाराज भस्माची पुडी देत आणि वर बजावत, "औषध म्हणजे संशय. संशय आला की भस्म रुसतं." रुसणारं भस्म! आणि शिकली-सवरलेली माणसं माना डोलावत होती.

मागच्या रांगेत चारुलताबाई धुमसत बसल्या होत्या. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई इथं आली होती ती नवऱ्यापायी. महिन्यापूर्वी महाराजांनी नामदेवरावांना सांगितलं होतं, "रात्री सात वेळा उठतोस." हे बाईंनाही माहीत नव्हतं, नवऱ्याच्या घोरण्यामुळे त्या दुसऱ्या खोलीत झोपत. नामदेवराव जागच्या जागी विरघळले. दुसऱ्या दिवसापासून इन्सुलिन बंद. आता साखर साडेतीनशेच्या वर गेली होती आणि डॉक्टरांचं नाव काढलं की घरात भांडण.

बाहेर पडताना शेजारच्या भामाबाई कुरकुरल्या, "मला तर नुसतं 'चिंता आहे' बोलला जी. चिंता कुणाला नाही? त्या मंगलासारखं ठोके-बिके कायबी नाही सांगितलं. माझ्या घरी ती डबडी नाहीत म्हणून काय?"

बाई थबकल्या. डबडी म्हणजे सेन्सर. गादीखाली एक पट्टी, ती झोप नि हृदयाचे ठोके मोजते. बाथरूमच्या दारावर एक चकती, ती दार किती वेळा उघडलं ते मोजते. मुलं परगावी, आईबाप एकटे, म्हणून मंडळाचा सेक्रेटरी अभिजीत याने वर्षभरात तीस घरांत ती बसवून दिली होती. आकडे फोनवर जातात. बाईंचा मुलगा रोहन तेव्हा अमेरिकेतून म्हणाला होता, "आई, मला रोज बघणं जमायचं नाही." मग बाईंनीच सांगितलं, "अभिजीतचा नंबर टाक. माझा विद्यार्थी आहे, आपला माणूस." बाकीच्यांनीही तेच केलं. शेजारच्या तेलुगू रेड्डींकडे किल्ली ठेवायला दहादा विचार करणारी ही मंडळी, समोरचा मराठीत बोलला की अख्खं घर त्याच्या हवाली करतात!

"अभिजीत नसेल," बाई घरापर्यंत स्वतःला समजावत राहिल्या. सेन्सरच्या कंपनीतून आकडे फुटले असतील. चोरले असतील कुणीतरी. फक्त अभिजीत नसू दे.

बुधवारी नामदेवराव बेगम बाजारात भावाच्या दुकानी गेले. दुपारी बाईंनी पदर खोचला आणि बाथरूमचं दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. मोजून एकवीस वेळा.

गुरुवारी पुन्हा सभा. महाराजांचं बोट उठलं. "नामदेवा! काल दुपारी तुझ्या पोटात वणवा पेटला होता. एकवीस वेळा धावलास!"

नामदेवराव गोंधळून उभे राहिले. "मी? काल दिवसभर मी बेगम बाजारात होतो, महाराज. वर दोन प्लेट मिरची भजी खाल्ली. पोट ठणठणीत!"

हशा पिकला. महाराजांचे डोळे खाडकन उघडले आणि थेट अभिजीतकडे वळले.

चारुलताबाई उठल्या. "दार मी उघडलं होतं. आमच्या घरचे आकडे एकाच माणसाच्या फोनवर जातात. अभिजीत, सांग कुणाच्या?"

"आमचेही त्याच्याकडेच जातात," मंगलाताई पुटपुटल्या. मागून आणखी चार आवाज आले, "आमचेही."

अभिजीतने मान खाली घातली. "बाई, मी कुणाचं वाईट नाही केलं. हे सभागृह रिकामं पडलेलं असायचं. महाराज आले, गर्दी व्हायला लागली. लोक खूश होते."

"खूश?" बाईंचा आवाज फाटला. "रात्री सात वेळा उठणं ही साखर वाढल्याची खूण असू शकते! यंत्राने वेळेवर खरं सांगितलं होतं. मला एक फोन केला असतास तर त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता मी. तू तो आकडा या भोंदूला दिलास आणि त्याने माझ्या नवऱ्याचं औषध सोडवलं. कंपनीने फसवलं असतं तर तक्रार करून मोकळी झाले असते रे. तुझी तक्रार कुठं करू?"

महाराज हळूच मागच्या दाराकडे सरकले. तिथं भामाबाई उभ्या होत्या. "थांबा जी. बाहेर रिक्षा किती उभ्या आहेत, ते डोळे मिटून सांगा आधी."

बाई सभेकडे वळल्या. "यंत्राला बोल लावू नका, ते नुसतं मोजतं. कुणी आपल्या घरातलं काही ओळखून दाखवलं, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, याला हे कळलं कसं? आपण कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा महिनाभर गप्प बसले. आजच आपापले आकडे आपल्या फोनवर घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. मंगला, तुझे ठोके खरंच उधळले होते. भस्माने ते थांबत नाहीत."

नामदेवराव बायकोजवळ आले. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. "चारू, दवाखाना उघडा असेल का गं अजून?"

"असेल. चला. मंगला, तूही चल."

अभिजीत सवयीने पुढे झाला. "बाई, मी गाडी काढतो."

"नको," बाई म्हणाल्या. "आम्ही रिक्षाने जाऊ."