तारकाकांची तार आणि माझी बोंब

कारखान्यात मला सगळे ‘बोंबल्या’ म्हणत. माझा आवाज तसा घरातही कुणाला ऐकू जात नाही. बोंबलायची ती माझी पेटी.

सूर्यासारखी आग कोंडून धरायला जी अवाढव्य चुंबकं लागतात, त्यांतलं एक आम्ही करत होतो. त्याची तार द्रव हीलियमच्या थंडीत बुडवली की वीज तिच्यातून विनातक्रार धावते. पण बोटभर जागा जरी गरम झाली, तरी तार संपावर जाते आणि सगळी वीज तिथेच आग होऊन बसते. याला म्हणतात क्वेंच. तो वेळेत ओळखून वीज बाहेर वळवायची, एवढंच माझ्या पेटीचं काम. तिने ते अकरा वेळा केलं. अकराही वेळा क्वेंच नव्हता. एकदा तर कुणीतरी नुसती क्रेन सुरू केली होती.

तार ओढली होती तारकाकांनी. मांडीएवढी जाड तांब्याची कांडी, पोटात निओबियमच्या सळया. ती साच्यांच्या भोकांतून ओढत ओढत चौदा महिन्यांत सुतळीएवढी केलेली. निवृत्तीआधीची ही त्यांची शेवटची तार.

अकराव्या बोंबेनंतर साहेबांनी फर्मान काढलं, “पेटीला दम धरायला शिकवा. अर्धा सेकंद थांबू दे, मग ओरडू दे.” दशांश सेकंदावरचं बटण मी अर्ध्यावर नेलं. साहेबांनी त्यावर स्वतःच्या सहीची चिकटपट्टी लावली.

जेवणाच्या सुट्टीत काका आले.

“काय रे बोंबल्या, अर्ध्या सेकंदात माझ्या तारेचं काय होतं?”

“क्वेंच खरा असेल तर... वितळेल, काका.”

“आणि दशांशावर ठेवलं, अन् खोटा निघाला तर?”

“तर माझी शोभा होईल.”

“ती अकरा वेळा झालीय. बाराव्यांदा काय नवीन दिसणार आहेस?”

मी पट्टी सोलली, बटण मागे आणलं, पट्टी परत चिकटवली. सही जरा तिरकी झाली. पण ती मुळातच तिरकी असल्यामुळे निभावलं.

दुपारी चुंबकात वीज चढवायला घेतली. निम्मी चढते न चढते तोच पेटी बोंबलली. हशा पिकला. साहेब खुर्चीतून न उठता म्हणाले, “बारा! क्रेनवाल्याला विचारा.” मी मान खाली घातली. काका तेवढे छताकडे बघत होते. तिथली हीलियमची झडप धाडकन उघडली आणि पांढरा ढग फुसफुसत बाहेर पडला.

हशा थांबला. क्रेनमुळे हीलियम उकळत नाही.

तपासणी झाली. तार धडधाकट होती. अर्धा सेकंद थांबलो असतो तर नसती. साहेबांनी पेटीजवळ जाऊन बटण पाहिलं, मग स्वतःची सही पाहिली.

“मी हेच सांगितलं होतं,” ते म्हणाले. “दशांश.”

निरोपाच्या दिवशी काकांनी मला उरलेल्या तारेचा चार हात तुकडा दिला. काका आता नाहीत. तुकडा आमच्या गॅलरीत बांधलाय, कपडे वाळत घालायला. मी एका बाजूला फार भार पडू देत नाही. बायको म्हणते, “अहो, तार आहे ती, जावई नव्हे!” आणि न पिळलेला टॉवेल तसाच टाकते.

मी आतून बोंबलतो. दशांश सेकंदात.